गुगलवर जाहिरात एक नंबरलाच हवी का? पोझिशनचा हिशोब कसा करायचा ते सांगतो

मार्च लागला की देवगडच्या एका काकांचा फोन ठरलेला. हापूसची बाग आहे त्यांची, पेट्या ऑनलाइन विकतात, आणि त्यांच्या गुगलच्या जाहिराती मी बघतो. फोन उचलला की पहिलं वाक्य, "अरे, आपली जाहिरात खंय दिसणा नाय!" मी विचारतो काका कुठून बघताय, तर बागेतून, मोबाईलवर. आता कॅम्पेन लावलंय पुणे, मुंबई, ठाण्याला, ते देवगडात बसून दिसणार कसं? हे समजावून झालं की पुढचं वाक्य पण ठरलेलं, "ते जाऊंदे, एक नंबरला आण, पैसे लागले तर लागू देत."

ह्या "लागू देत"ची मला खरंच धास्ती वाटते. कारण पहिल्या वर्षी मी पण नवा होतो, आणलं होतं एक नंबरला, ऑर्डरी पण आल्या, आणि सीझन संपल्यावर हिशोबाला बसलो तर काका म्हणाले म्हणजे आपण दोन महिने फुकटच राबलो की रे. बरोबर होतं त्यांचं. त्यामुळे आता कुणीही विचारलं की जाहिरात कितव्या नंबरला ठेवायची तर मी आधी उलटं विचारतो, एका ऑर्डरमागे तुमच्या हातात किती राहतात? निम्म्या लोकांना ते सांगता येत नाही. ज्यांना येतं त्यांचं काम अर्ध्या तासाचं आहे, आणि तेच खाली सांगतो. उदाहरण आंब्याचं घेतोय कारण ते मला पाठ आहे, पण क्लासवाला असो, डेंटिस्ट असो, मालवणातला होमस्टे असो, गणित तेच.

आधी एक सवय मोडा

स्वतःची जाहिरात स्वतः गुगल करून बघणं. सगळे करतात, मी पण करायचो. ह्यात दोन तोटे आहेत. एक म्हणजे तुम्ही सर्च केलं, जाहिरात दिसली, तुम्ही क्लिक नाही केलं, म्हणजे एक इम्प्रेशन (जाहिरात एकदा दिसणं) वाया, आणि रोज दहा वेळा असं केलं की तुमचाच क्लिक रेट खाली. दुसरं म्हणजे तुम्ही कधीच क्लिक करत नाही हे बघून गुगल तुम्हाला ती जाहिरात दाखवणंच बंद करू शकतं, मग तुम्ही घाबरून बिड (एका क्लिकसाठी लावलेली बोली) वाढवता आणि गिऱ्हाईकाला मात्र ती आधीपासूनच व्यवस्थित दिसत असते. गुगल ॲड्सच्या अकाउंटमध्ये टूल्सच्या खाली ॲड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस नावाचं टूल आहे, त्यात शब्द टाका, शहर निवडा, मोबाईल की डेस्कटॉप ते निवडा, जाहिरात दिसतेय की नाही आणि नसेल तर का नाही हे सगळं सांगतं, इम्प्रेशन पण धरलं जात नाही. काकांना आता तेच शिकवलंय. तरी फोन येतोच.

नंबर विकत मिळत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज हाच की जास्त पैसे टाकले की वरचा नंबर. पूर्वी खरंच तसं होतं. १९९८ ला गोटू डॉट कॉम नावाच्या सर्च साइटने क्लिकमागे पैसे ही पद्धत आणली तेव्हा ज्याची बोली जास्त तो वर, इतकं सरळ, आणि कुणी किती बोली लावलीय ते पण पानावर दिसायचं. भाजी मार्केटातला लिलावच. गुगलने २००२ मध्ये क्लिकमागे पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्यात एक पाचर मारली, नुसती बोली नाही, लोक तुमच्या जाहिरातीवर किती क्लिक करतात ते पण बघणार. का? कारण क्लिकच झाला नाही तर गुगलला पैसेच मिळत नाहीत. १०० रुपये बोली लावणारा वर बसला आणि कुणी क्लिकच केलं नाही तर गुगलच्या हातात काय, शून्य.

आता ह्याला ॲड रँक म्हणतात आणि प्रत्येक सर्चला हा लिलाव नव्याने होतो. तुमची बोली, जाहिरातीचा दर्जा, लँडिंग पेज (क्लिक केल्यावर उघडतं ते पान), शोधणारा कुठे आहे, कुठल्या फोनवर आहे, काय टाइप केलंय, जाहिरातीसोबत फोन नंबर किंवा साइटलिंक (साइटच्या आतल्या पानांच्या लिंका) लावल्यात का, हे सगळं त्यात धरतात. समजायला सोपं करून सांगतो. तुमची बोली २० रुपये आणि दर्जा १० पैकी ८, गुणाकार १६०. समोरच्याची बोली ३० आणि दर्जा ५, गुणाकार १५०. तुम्ही वर. आणि गंमत म्हणजे तुम्हाला २० पण द्यायचे नाहीत, त्याच्या १५० ला मागे टाकायला जेवढे लागतात तेवढेच, म्हणजे १५० भागिले ८, साधारण पावणेएकोणीस रुपये. तो खाली बसून तुमच्यापेक्षा महाग क्लिक घेत असेल. (खऱ्या लिलावात अकाउंटमध्ये दिसणारा १ ते १० चा क्वालिटी स्कोअर असाच्या असा वापरत नाहीत, तो आपल्याला अंदाज यावा म्हणून दाखवलेला आकडा आहे, पण तत्त्व हेच.)

आणि अजून एक, समोर कुणीच नसलं तरी वरची जागा फुकट नसते. वर दिसायला एक किमान ॲड रँक लागतो, तो नसला तर पान रिकामं असलं तरी तुम्ही खालीच. म्हणून "ह्या शब्दावर तर कुणीच जाहिरात देत नाही मग मला क्लिक इतका महाग का" ह्याचं उत्तर हे.

वर म्हणजे नक्की कुठे

फेब्रुवारी २०१६ पर्यंत कॉम्प्युटरवर उजव्या बाजूला पण जाहिरातींची रांग असायची, जुन्या लोकांना आठवत असेल. ती गेली. आता वर जास्तीत जास्त चार, बाकीच्या पानाच्या तळाला. म्हणजे पाचवा नंबर हा चौथ्याच्या खालचा नंबर नाही, तो पार तळमजला आहे, मध्ये सगळे फुकटचे रिझल्ट. चार आणि पाचमधला फरक हा दोन आणि तीनमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा, हे डोक्यात ठेवा.

आधी ॲव्हरेज पोझिशन नावाचा कॉलम असायचा, १.८, २.४ असं काहीतरी दाखवायचा आणि सगळे त्याच्यावर जीव टाकायचे. गुगलने ३० सप्टेंबर २०१९ ला तो काढून टाकला आणि माझ्या मते बरं केलं, कारण तो फसवायचा. वर एकही जाहिरात नसेल आणि तळाला दोनच असतील तर तळातली पहिली पण नंबर १ च धरली जायची. आता दोन वेगळे कॉलम आहेत, इम्प्रेशन टॉप टक्के आणि इम्प्रेशन ॲब्सोल्यूट टॉप टक्के. पहिला सांगतो तुमची जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यातली किती वेळा वरच्या गटात दिसली, दुसरा सांगतो किती वेळा अगदी पहिली दिसली. समजा टॉप ७५ आणि ॲब्सोल्यूट टॉप २० दिसतंय, तर अर्थ असा की चारातल्या तीन वेळा तुम्ही वर आहात पण बहुतेक वेळा दोन-तीन-चारमध्ये. हे दोन्ही कॉलम लावून घ्या, डिफॉल्टला नसतात. २०२४ पासून वरच्या जाहिरातीची व्याख्या पण जरा सैल झालीय, काही सर्चला ती पहिल्या काही फुकटच्या रिझल्टच्या खाली पण येऊ शकते, त्यामुळे "टॉप" म्हणजे अगदी पानाचं टोक असं समजू नका.

अजून तसेच नाव असलेले कॉलम आहेत, सर्च टॉप इम्प्रेशन शेअर वगैरे, त्याने गोंधळ होतो. ते वेगळं सांगतात, वर दिसायची संधी जितकी होती त्यातली तुम्ही किती पकडली. एक म्हणजे मी जेवढे सामने खेळलो त्यातले किती जिंकलो, दुसरं म्हणजे एकूण स्पर्धेतलं किती. जागा ठरवताना मी पहिले दोनच बघतो.

आता खरा हिशोब

इथे चहा घेऊन बसा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही टाका. दोन डझनाचा बॉक्स विकला की फळ, पेंढा, बॉक्स, कुरिअर, खराब निघालेलं फळ बदलून देणं हे सगळं जाऊन ३०० रुपये उरतात. वेबसाइटवर १०० लोक आले की ४ ऑर्डर. म्हणजे १०० क्लिकमागे १२०० रुपये, एका क्लिकची तुमच्यासाठी किंमत १२ रुपये. १२ च्या वर गेलात की पदरमोड. हा १२ चा आकडा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा.

आता तीन जागा धरू. बिड कमी ठेवली, जाहिरात बहुतेक तळाला, क्लिक ५ रुपयाला, आठवड्याला ४०० क्लिक, खर्च २०००, ऑर्डरी १६, त्यातून ४८००, हातात २८००.

बिड वाढवली, आता वरच्या गटात दोन-तीन नंबरला, क्लिक ७ रुपयाला, क्लिक ८००, खर्च ५६००, ऑर्डरी ३२, त्यातून ९६००, हातात ४०००. छान.

काकांच्या आग्रहाने अजून वाढवली, एक नंबर, क्लिक १० रुपयाला, क्लिक १०००, खर्च १०,०००, ऑर्डरी ४०, त्यातून १२,०००, हातात २०००.

बघा, ऑर्डरी सगळ्यात जास्त, पोझिशन सगळ्यात भारी, आणि पैसे सगळ्यात कमी. आणि फसगत कुठे होते माहितीये, क्लिक १० रुपयाला पडतोय, आपली मर्यादा १२, म्हणजे अजून २ रुपये फायदा आहे असं वाटतं. सरासरी बघितली की असंच वाटणार. सरासरी बघायचीच नाही. वरच्या पायरीवर चढल्यामुळे जादा क्लिक किती आले आणि जादा पैसे किती गेले एवढंच बघायचं. दोन नंबरवरून एक नंबरला गेल्यावर जादा क्लिक २००, जादा खर्च ४४००. म्हणजे हे नवीन २०० क्लिक २२ रुपयाला एक पडले! १२ ची वस्तू २२ ला घेतली. कारण सरळ आहे, बिड वाढवली की फक्त नवे २०० महाग होत नाहीत, आधीचे ८०० जे ७ ला मिळत होते ते पण १० ला पडायला लागतात. तळातून वर आलो तेव्हा मात्र जादा ४०० क्लिकना जादा ३६०० गेले, ९ रुपयाला एक, १२ च्या आत, म्हणून ती पायरी चढणं बरोबर होतं.

आणि ह्यात जीएसटी धरलाच नाहीये अजून. भारतात गुगलच्या जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी पैसे भरून चालवत असाल तर १०,००० भरले की जाहिरातीला साधारण ८,४७५ च उरतात. जीएसटी नंबर असेल आणि क्रेडिट घेता येत असेल तर ठीक, नाहीतर तो खर्चच. वरच्या उदाहरणात धरून बघा, दोन-तीन नंबरला हातात २९९२ राहतात आणि एक नंबरला २००. आठवडाभर बॉक्स भरून, टेप लावून, कुरिअरवाल्याशी भांडून २०० रुपये. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

कुणी म्हणेल एक नंबरवर येणारं गिऱ्हाईक वेगळं असतं, ते जास्त विकत घेतं. किंवा उलटं, पहिल्यावर क्लिक करणारे नुसते टाइमपासवाले, खरं गिऱ्हाईक तिसऱ्या चौथ्यापर्यंत बघतं. दोन्ही मी छातीठोकपणे ऐकलंय. गुगलचे तेव्हाचे चीफ इकॉनॉमिस्ट हॅल व्हेरियन यांनी २००९ मध्ये ह्यावर लिहिलं होतं, त्यांच्या आकड्यांत एकच जाहिरात वेगवेगळ्या जागी दाखवली तर कन्व्हर्जन रेटमध्ये (१०० क्लिकमागे किती ऑर्डर) ५ टक्क्यांपेक्षाही कमी फरक पडत होता. ५ टक्के म्हणजे १०० क्लिकला ४ ऐवजी ४.२ ऑर्डर, एवढंच. तेव्हाचं पान वेगळं होतं हे मान्य, पण माझ्याकडच्या अकाउंटना पण मला मोठा फरक कधी दिसला नाही. तुमच्या डेटात बघायचं असेल तर रिपोर्टला टॉप व्हर्सेस अदर असं सेगमेंट लावता येतं, वरच्या जागेचे आणि बाकीच्या जागेचे क्लिक, खर्च, कन्व्हर्जन वेगवेगळे दिसतात. फक्त २० क्लिकवर निष्कर्ष काढू नका, १०० ला ४ म्हणजे २० ला एखादी ऑर्डर, ती आली काय न आली काय सगळं नशीब. निदान काहीशे क्लिक होऊ देत.

बिड कुठून सुरू करायची हे विचारतात. मी त्या १२ च्या साधारण निम्म्याने करतो, म्हणजे ६. आठवडाभर राहू द्यायचं, आकडे वहीत, मग रुपया वाढवायचा, परत आठवडा, आणि दर वेळी तेच, जादा खर्च भागिले जादा क्लिक. हा आकडा १२ च्या जवळ आला (जीएसटी अंगावर पडत असेल तर १० च्या) की थांबायचं. तिथे जो नंबर मिळतोय तोच तुमचा नंबर. मग तो दोन असेल, साडेतीन असेल, काय फरक पडतो.

कुणाला एक नंबर खरंच लागतो

लागतो काही लोकांना. रात्री अकराला कुलूप लागलंय आणि चावी आत राहिलीय, एक्सप्रेसवेवर गाडी बंद पडलीय, किचनमध्ये पाणी भरतंय, तेव्हा माणूस तीन जाहिराती वाचून तुलना करत नाही, पहिला नंबर दिसेल तो दाबतो. अशा धंद्यात वर राहणं म्हणजेच धंदा. पण तो फोन उचलला गेला पाहिजे! मी एका प्लंबिंगवाल्यांचं काम बघायचो, जाहिरात एक नंबरला, क्लिक भारी महाग, आणि कॉल रिपोर्ट उघडला तर संध्याकाळी सातनंतरचे निम्मे मिस्ड. ॲड शेड्यूल लावून जितके तास माणूस फोनवर बसतो तेवढेच तास जाहिरात चालू ठेवली, बाकी काही केलं नाही.

दुसरं, स्वतःच्या नावावर. कुणी तुमच्या बागेचं किंवा क्लासचं नाव टाकून शोधतंय तर तिथे पहिलं असायला हरकत नाही, क्लिक पण स्वस्त पडतो कारण त्या शब्दाला तुमच्याइतकं जुळणारं दुसरं कुणी नसतं. मात्र नावावर दुसरं कुणीच जाहिरात देत नसेल आणि फुकटच्या रिझल्टमध्ये तुम्हीच पहिले असाल तर थोडे दिवस बंद करून बघा, कदाचित जो माणूस तसाही येणार होता त्याचेच पैसे भरताय.

आंबा, होमस्टे, दातांचं इम्प्लांट, नीट परीक्षेचे क्लास, हे सगळं लोक चार ठिकाणी बघूनच घेतात. आंब्यात तर हमखास, एक डझनाला किती, नैसर्गिक पिकवलाय का, खराब निघाला तर काय, हे तीन प्रश्न चार जणांना विचारल्याशिवाय पुणेकर पैसे देत नाही (मी पुण्याचाच आहे, त्यामुळे बोलू शकतो). इथे वरच्या चारात कुठेही असलं की पुरे.

मोबाईलवर मात्र जरा वेगळं. छोट्या स्क्रीनवर पहिल्या एक-दोन जाहिरातींतच पान भरतं, तिसरीसाठी अंगठा फिरवावा लागतो. म्हणून डिव्हाइसप्रमाणे सेगमेंट लावून मोबाईल आणि कॉम्प्युटरचा हिशोब वेगळा करा, सरासरीत दोन्हीचं खरं चित्र पुसलं जातं.

बजेट दुपारीच संपत असेल तर

हे इतक्या जणांचं होतं की वेगळं लिहितोय. रोजचं बजेट ५००, बिड चढी, जाहिरात एक नंबरला दिमाखात, आणि दुपारी दोनला बजेट खलास, संध्याकाळी लोक ऑफिसातून घरी येऊन आंबे शोधतात तेव्हा तुम्ही गायब. अशा वेळी वर राहण्याचा हट्ट म्हणजे शुद्ध वेडेपणा. बजेटनेच अडवलंय ना, मग बिड कमी करा. १० च्या भावात ५० क्लिक मिळत होते, ७ च्या भावात त्याच ५०० मध्ये ७१ मिळतील. तेवढ्याच पैशात जास्त माणसं, नंबर गेला खड्ड्यात.

ओळखायचं कसं? सर्च लॉस्ट इम्प्रेशन शेअरचे दोन कॉलम आहेत, एक बजेटमुळे हुकलेल्या संधींचा, एक रँकमुळे हुकलेल्या. बजेटवाल्यात ३०-४० टक्के दिसत असतील तर बिड खाली आणा. बजेटवाला शून्याजवळ आणि रँकवाला मोठा असेल तर मग वर चढायचा विचार. एका दिवशी ५०० ऐवजी ९०० गेले म्हणून घाबरू नका, गुगल एखाद्या दिवशी रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतं, महिन्याचं मिळून ३०.४ पटीच्या वर घेत नाही.

टेस्ट करताना आंब्याने शिकवलेलं

हे आठवडा-आठवडा बिड बदलून बघणं चांगलं आहे, पण सीझनच्या धंद्यात फसतं. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात मी बिड वाढवली आणि ऑर्डरी दुप्पट झाल्या, मी खूश, काका खूश. ती बिडची कमाल नव्हती, सणाची होती, त्या आठवड्यात मी जाहिरात उलटी टांगली असती तरी खपलं असतं. आणि मे उजाडला की आवक वाढते, भाव उतरतात, म्हणजे बॉक्समागचे ३०० चे २०० होतात, मग मर्यादा पण १२ वरून ८ वर येते आणि एप्रिलची बिड मे मध्ये तशीच राहिली की नुकसान. दर पंधरवड्याला तो चिकटवलेला कागद बदला.

ह्यावर उपाय म्हणजे अकाउंटमधलं एक्सपेरिमेंट. कॅम्पेनची दुसरी प्रत बनते, ट्रॅफिक निम्मं-निम्मं वाटलं जातं, एकीकडे जुनी बिड एकीकडे नवी, दोन्ही एकाच वेळी, त्यामुळे सण-पाऊस-भाव दोघांनाही सारखा. निदान दोन आठवडे चालू द्या. बिड सिम्युलेटर पण असतो कीवर्डशेजारी (ज्या शब्दावर जाहिरात लावलीय तो), बिड अमुक केली असती तर किती क्लिक आणि किती खर्च झाला असता ते दाखवतो. अंदाजच असतो, पण वरचं जादा क्लिकचं गणित पाच मिनिटांत करायला झकास.

बिड न वाढवता वर जायचं असेल तर

मग दर्जा वाढवा, हाच एक स्वस्त रस्ता आहे. क्वालिटी स्कोअरच्या तीन बाजू दिसतात, क्लिक व्हायची शक्यता, जाहिरात शब्दाला किती जुळते, आणि लँडिंग पेज कसं आहे. काकांच्या अकाउंटला मी सगळे शब्द एकाच ॲड ग्रुपमध्ये कोंबले होते, देवगड हापूस, रत्नागिरी हापूस, आंबा पेटी, आंबा होम डिलिव्हरी पुणे, सगळ्यांना एकच जाहिरात. ते वेगळं केलं. देवगड शोधणाऱ्याला देवगड दिसलं पाहिजे, पुण्यात डिलिव्हरी शोधणाऱ्याला पुणे दिसलं पाहिजे आणि शक्यतो भाव पण. भाव लिहिला की फुकट क्लिक करणारे गळतात, क्लिक कमी झाले तरी मला चालतं.

मराठीतून शोधणारे, रोमन लिपीत मराठी टाइप करणारे, आणि सरळ इंग्रजीत अल्फान्सो लिहिणारे हे तीन वेगळे लोक आहेत, तिघांना त्यांच्या भाषेतली जाहिरात द्या. देवनागरी शब्दांवर मला तरी गर्दी कमी दिसते, त्यामुळे तिथे तेवढ्याच बिडमध्ये वरची जागा मिळून जाते. लोक हे विसरतातच.

आणि सर्च टर्म्स रिपोर्ट, लोकांनी नक्की काय टाइप केलं ते सांगणारा. दर दोन दिवसांनी उघडा, अक्षरशः डोळे उघडतात. आमच्याकडे लोक आमरस कसा करायचा, हापूसचं कलम कुठे मिळेल, वाशी मार्केटचा आजचा भाव, आंब्याचं लोणचं असं शोधून येत होते आणि प्रत्येक क्लिकचे पैसे काकांच्या खिशातून. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. रेसिपी, कलम, रोप, बाजारभाव, लोणचं, सगळे निगेटिव्ह कीवर्ड टाकले, म्हणजे हे शब्द असले की जाहिरात दाखवू नको. पुण्यात डिलिव्हरी करत असाल तर लोकेशनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या भागात असलेले लोक हाच पर्याय निवडा, दुसरा पर्याय त्या भागात रस असलेल्यांना पण दाखवतो आणि मग पुण्याबद्दल काहीही वाचणारा कुठल्याही राज्यातला माणूस क्लिक करतो.

लँडिंग पेजला जास्त सांगत नाही, मोबाईलवर पटकन उघडलं पाहिजे आणि भाव, डिलिव्हरीचा दिवस, व्हॉट्सॲपचं बटण न शोधता दिसलं पाहिजे. काकांच्या पेजवर सुरुवातीला बागेचा एवढा मोठा व्हिडिओ होता की तो उघडेपर्यंत माणूस निघून जायचा.

ऑटोमॅटिक बिडिंगचं काय

टार्गेट इम्प्रेशन शेअर म्हणून एक प्रकार आहे, त्यात सांगता येतं की मला पानावर कुठेही, किंवा वरच्या गटात, किंवा अगदी पहिलं, इतके टक्के वेळा दिसायचंय. एक नंबरच्या हौशेला हेच बटण आहे आणि म्हणूनच जपून. त्यात एका क्लिकच्या बोलीची कमाल मर्यादा टाकायची सोय आहे, ती रिकामी सोडू नका, नाहीतर ते नंबरामागे धावत सुटतं, ऑर्डरशी त्याला काही देणंघेणं नाही. मी हे फक्त स्वतःच्या नावाच्या कॅम्पेनला लावतो.

टार्गेट सीपीए किंवा मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्सवाल्या प्रकारात जागा तुम्ही निवडतच नाही. तुम्ही सांगता मला एक ऑर्डर इतक्या रुपयांत हवी, मग कुणासाठी एक नंबरला जायचं आणि कुणासाठी तळाला ते गुगल प्रत्येक लिलावात ठरवतं. चांगलं चालतं, पण कन्व्हर्जन नीट मोजलं जात असेल तरच. आपल्याकडे अर्ध्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर आणि फोनवर, त्या मोजल्याच जात नाहीत, किंवा व्हॉट्सॲपच्या बटणावर क्लिक म्हणजेच ऑर्डर असं धरलं जातं, आणि मग मशीन अशीच माणसं आणून देतं जी बटण दाबतात आणि "भाव काय" विचारून गप्प बसतात. आम्ही साधा उपाय केलाय, काकांची सून वहीत रोज लिहिते, गुगलवरून आलेल्या किती विचारणा आणि त्यातल्या किती पक्क्या. त्या वहीवरून मी टार्गेट ठरवतो. पाच विचारणांत एक ऑर्डर होत असेल आणि ऑर्डरमागे ३०० राहत असतील तर एका विचारणेला ६० च्या आतच, त्याच्यावर नाही.

ऑक्शन इनसाइट्स म्हणून एक रिपोर्ट आहे, त्यात समोर कोण कोण आहे आणि किती वेळा ते तुमच्या वर दिसले ते कळतं. तो काकांना दाखवू नका एवढंच सांगेन. एकदा दाखवला, शेजारच्या गावातल्या बागवाल्याचं नाव वर दिसलं, आणि पुढचे चार दिवस मला बिड वाढव म्हणून फोन. तिकडे तो पण त्याच्या माणसाला तेच सांगत असणार.

ह्या वर्षी कॅम्पेन बरंचसं दोन ते चारच्या मध्ये फिरलं, ॲब्सोल्यूट टॉप २० टक्क्यांच्या आसपास. मे संपताना पहिला वळिवाचा पाऊस झाला, फळ डागाळायला लागलं, काकांनी शेवटच्या पेट्या भरल्या आणि पल्पला उरलेला माल दिला. आंबा संपला की कॅम्पेन त्याच दिवशी पॉज करा हं, मी एकदा विसरलो होतो आणि जूनमध्ये आठवडाभर लोक नसलेल्या आंब्यावर क्लिक करत होते.